वज्रदही

‘‘नाव काय तुझं?’’ तोफकाकांनी विचारलं.

मी गोठ्याच्या दारात उभा होतो. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला आमच्या आबांचा फेटा, आणि हातात पेढ्यांचा पुडा. तोफकाका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडं असे बघत होते, जसं काही मी तिसऱ्या तालुक्यातनं चुकून आलेला माणूस आहे. वास्तविक त्यांच्या घराची मागची भिंत आणि आमच्या घराची पुढची भिंत एकच.

‘‘दौलू,’’ मी म्हटलं. ‘‘दौलू खराडे. आबा खराड्यांचा.’’

‘‘असं?’’ काका म्हणाले आणि रस्त्याकडं तोंड करून ओरडले, ‘‘अरं ए! हिकडं ये जरा!’’

रस्त्यानं गवताचा भारा घेऊन कोणी चालला होता. भारा खाली ठेवल्यावर दिसलं, तो आमचा चुलता निघाला.

‘‘दौलू खराडे म्हणून कोण हाय का गा गावात?’’ काकांनी त्याला विचारलं.

चुलता विचारात पडला. कान खाजवला. आभाळाकडं बघितलं. ‘‘न्हाई बा,’’ तो म्हणाला. ‘‘माळेवाडीला एक दौलू होता, पर तो मेला.’’

‘‘आन् हा कोण?’’ काकांनी माझ्याकडं बोट केलं.

‘‘हा व्हय? हा की आमचा बसक्या!’’ असं म्हणून चुलत्यानं भारा उचलला आणि एक पेढा घेऊन तो गेला.

हे नाव मला कसं पडलं, ते आधी सांगायला पाहिजे. मिसरूड फुटायच्या वयात मी यमाईच्या यात्रेत पहिली कुस्ती धरली. सलामी झाली, हलगी कडाडली, समोरच्या गड्यानं माझ्या मानेवर हात टाकला आणि नेमकी त्याच क्षणाला माझ्या लंगोटाची गाठ सुटली. समोर तीन गावची माणसं, एका बाजूला गाड्यांवर बायका. मी काय करणार? जागच्या जागी मांडी घालून बसलो. समोरच्यानं ओढलं, ढकललं, गुदगुल्या केल्या. मी हललो नाही. शेवटी पंच कंटाळले आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. तेव्हापासून गाव मला बसक्या म्हणायला लागलं. पुढं मी लंगोटाला दुहेरी गाठ मारायला शिकलो, चांगले चांगले गडी लोळवले, पण नाव काही उठेना.

‘‘हे बघ,’’ काका म्हणाले. ‘‘मला लोक तोफ म्हणतात. का म्हणतात?’’

‘‘तुम्ही गडी फेकला की लांब जाऊन पडायचा म्हणून.’’

‘‘कुटं पडायचा?’’

‘‘दुसऱ्या गावच्या हद्दीत.’’ हे म्हटल्याशिवाय काकांचं समाधान होत नसे.

‘‘माझा थोरला जावई बिजली. लग्नात थोरलीनं उखाण्यात नाव घेतलं, ‘कडाडली बिजली’ म्हणाली, तर मांडवातल्या म्हाताऱ्यांनी फेटे उडवले. आता गोकुळाचं लगीन. भरला मांडव. बायका म्हणणार, नाव घे गं पोरी. आन् माझी पोरगी काय म्हणणार? बसक्या? त्याला जुळणारं काय हाय तरी? टसक्या? ठसक्या?’’

आतनं भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पदरात दाबलेलं हसू. गोकुळा चुलीपाशी दही लावत होती. तिच्या हाताचं दही असं लागायचं की मडकं उलटं टांगलं तरी थेंब पडायचा नाही. आमच्या घरी येणाऱ्या मडक्याला ती पळसाचं पान बांधायची आणि त्याला तांबडा दोरा. भिंत एकच असल्यामुळं आमचं बोलणं दह्याच्या निमित्तानंच व्हायचं, आणि मला दह्याची गरज दिवसातनं चारदा लागायची.

‘‘काका, नाव बदलतो,’’ मी म्हटलं.

‘‘नाव बदलता येत न्हाई. पडावं लागतं. पर तुला एक संधी देतो. चैत्रात यमाईची यात्रा हाय. पैलवानाला शोभेल असं नाव घेऊन ये. ते कागदावर छापून आलं पायजे आन् त्याच नावानं मैदान मारलं पायजे. मग ये पेढं घेऊन. न्हाईतर माळेवाडीचं स्थळ आलंय. गडी म्हस चोरणाऱ्याच्या मागं चार कोस धावला म्हणून त्याला ‘वारा’ म्हणतात.’’

‘‘म्हस गावली का?’’

‘‘न्हाई गावली. पर नाव मिळालं का न्हाई?’’

मी तसाच तालमीत गेलो. आमचे हिंदुराव वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसून लिंबं पिळत होते. तालमीची माती म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवायची असते, म्हणजे अंगाला लागत नाही आणि जखम झाली तर चिघळत नाही. वस्ताद रोज ती माती अशी मुरवायचे, जसं सुगरणीनं लोणचं घालावं.

‘‘वस्ताद, मला नाव द्या.’’

वस्तादांनी लिंबू बाजूला ठेवलं. डोळे मिटले. तंबाखू या गालातनं त्या गालात गेली.

‘‘वज्रदेही,’’ ते म्हणाले.

‘‘वस्ताद, वज्रदेही तीन हायत की आपल्या तालुक्यात.’’

‘‘चौथा हो.’’

‘‘आवो, पर गेल्या साली काय झालं…’’

‘‘त्याची आठवण काढू नगंस,’’ वस्ताद म्हणाले.

गेल्या साली असं झालं होतं की मैदानात निवेदकानं कर्ण्यातनं पुकारा केला, ‘वज्रदेही, पुढं या!’ आणि तीन कोपऱ्यांतनं तीन गडी ‘ओ’ म्हणत उठले. तिघंही आखाड्यात उतरले. खरा कोण यावरनं तिघांत जुंपली, आणि ज्याच्याशी कुस्ती ठरली होती तो बिचारा कडेला बसून शेंगा खात राहिला. शेवटी पंचांनी त्यालाच विजयी केलं, कारण उभं राहण्याइतकं त्राण त्याच्यातच शिल्लक होतं.

पण वस्तादांचा नाइलाज होता. त्यांच्यापाशी नावं तीनच होती. पहाड, बिजली आणि वज्रदेही. पहाड गेलं होतं माळेवाडीच्या दस्तगीर मुजावरला, आणि यात्रेत माझी कुस्ती त्याच्याशीच ठरली होती. बिजली काकांच्या घरात आधीच कडाडत होती. मी वज्रदेही झालो.

‘‘आता छापखान्यात जाऊन सांग,’’ वस्ताद म्हणाले. ‘‘धोंडीराम कंपोझिटर आपल्यातलाच हाय. तोफेचा मेव्हणा. नाव त्याला नीट बोलून दाखव. वज्र म्हण, मग थांब, मग देही म्हण.’’

तालुक्याच्या गावाला जायच्या आधी दही आणायच्या निमित्तानं मी भिंतीपलीकडं डोकावलो.

‘‘गोकुळा, नाव मिळालं. वज्रदेही!’’

ती रवी धूत होती. तिनं माझ्याकडं वरपासनं खालपर्यंत पाहिलं.

‘‘आणखी एक?’’ ती म्हणाली, आणि रवी झटकून आत गेली. मला वाटलं, लाजली.

छापखान्यात मी वज्र म्हटलं, थांबलो, मग देही म्हटलं. धोंडीराम कंपोझिटरनं मान डोलावली. उभट चेहरा, मिशीच्या टोकांना शाई, आणि सवय अशी की बोलताना दर अक्षराचा शिशाचा खिळा बोटांनी हवेत उचलायचा. ‘‘काळजी करू नका पैलवान,’’ तो म्हणाला. ‘‘छापून येईल तेच खरं.’’

यात्रेच्या आधीच्या आठवड्यात जाहिरातीचे कागद आले. वस्तादांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिला आणि ‘झकास’ म्हणून भिंतीला डकवला. मी वाचला. खाली ठेवला. पुन्हा वाचला. मधोमध जाड ठशात छापलं होतं :

‘काळा पहाड दस्तगीर मुजावर विरुद्ध वज्रदही दौलू खराडे’

मी धावत तालुका गाठला. धोंडीराम खिळे लावत बसला होता. त्याच्या पेटीवर कसलंतरी मडकं होतं आणि मिशीच्या काळ्या टोकांवर आज पांढरं काही लागलं होतं.

‘‘मामा, मात्रा! देहीची मात्रा कुटं गेली?’’

‘‘संपली,’’ तो शांतपणे म्हणाला.

‘‘संपली म्हंजे?’’

‘‘गेल्या आठवड्यात लग्नपत्रिका छापली. वधूपक्ष नेने, वरपक्ष लेले. सगळ्या मात्रा तिकडं गेल्या. त्या पत्रिकेवर नुसता मात्रांचा पाऊस पडलाय. उरल्यासुरल्या होत्या, त्यातनं देवीला द्यावी लागली. देवीची मात्रा कापून चालंल का? ऐन यात्रेत पटकी यायची. मग प्रमुख पाहुणे. त्यांची मात्रा काढली की ते नुसते पाहुण होतात, मग ते येत न्हाईत.’’

‘‘पर एक मात्रा, मामा! एक!’’

‘‘आन् तुमच्या नावातच किती गेल्या ते बगा की. दौलूच्या डोक्यावर दोन, खराडेच्या डोक्यावर एक. बारशाच्या दिवशी घरच्यांनी जरा विचार करायचा होता. बाळू ठेवलं असतं तर आज ही वेळ आली नसती.’’

मी कागदाची घडी करून गावाकडं परतलो.

संध्याकाळी तोफकाकांनी तो कागद कंदिलापाशी धरला. ते एकेक अक्षर जोर लावून वाचायचे, जशी काही प्रत्येकाशी कुस्तीच आहे.

‘‘व. ज्र.’’ ते थांबले. ‘‘द. ही.’’

गोठ्यात म्हैस रवंथ करायची थांबली.

‘‘काका, चूक झाली. मात्रा…’’

‘‘चूक काय आन् बरोबर काय, छापलं ते छापलं,’’ काका म्हणाले. ‘‘मी शब्दाचा पक्का हाय. छापून आणलंस, अर्धी अट झाली. आता मैदान मार. पर एक ध्यानात ठेव. बसक्या हे नाव एका गावापुरतं होतं. हे पंचक्रोशीत गेलंय. आन् दह्याला हरवलं, घुसळलं, की त्याचं काय होतं?’’

मी म्हशीकडं बघितलं.

‘‘ताक होतं,’’ काका म्हणाले. ‘‘हरलास तर लोक तुला ताक म्हणतील. आन् ताकाला मी पोरगी देणार न्हाई. उद्याच वाऱ्याकडं निरोप धाडीन.’’

इकडं कागद गावोगाव गेले आणि लोकांनी आपापल्या परीनं त्याचा अर्थ लावायला सुरुवात केली. कोणी म्हणालं, हा पैलवान आईचं दूध प्यालाच नाही, जन्मल्यापासनं दह्यावर आहे. कोणी म्हणालं, त्याच्या अंगात हाडं नाहीतच, सगळं लागलेलं दही आहे, त्यामुळं मोडायला काही सापडत नाही. आमच्या यमाईला चैत्रात दहीभाताचा नैवेद्य असतो. त्यामुळं एका म्हातारीच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, यंदाचा नैवेद्य माझ्या पैलवानाला पोहोचव. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. हा वारा म्हणजे माळेवाडीचा तो गडी नव्हे, खरा वारा.

यात्रेच्या दिवशी सकाळी मैदानावर मडकी यायला लागली. प्रत्येक गावाचं म्हणणं एकच, पैलवान वाढला तो आमच्याच दह्यावर. गाड्या भरून मडकी आली. ज्यांना दही लावायला वेळ मिळाला नव्हता त्यांनी दूध आणलं. यात्रेत चहाला दूध उरलं नाही. आखाड्याच्या कडेनं मडक्यांची अशी चळत लागली की प्रमुख पाहुण्यांना खुर्चीपर्यंत जायला वाट मिळेना. कमिटीची माणसं डोक्याला हात लावून बसली. देवीचा नैवेद्य, फेकताही येईना आणि उन्हात ठेवताही येईना.

हिंदुराव वस्ताद पुढं झाले. ‘‘त्यात काय एवढं?’’ ते म्हणाले. ‘‘मातीत ताक घालतोच की आपण. दही घातलं तर माती काय न्हाई म्हणंल? वोता!’’

आणि ओतलं. आधी दूध, मग दही. मडक्यामागून मडकं, घागरीमागून घागर. माती सगळं प्याली. वस्तादांनी स्वतः खोऱ्यानं हलवून एकजीव केलं आणि वरनं लिंबू पिळायला गेले, ते मात्र मी हात धरून थांबवलं. नंतर सगळे नैवेद्याला देवळात गेले.

आता दुधात दही घालून, चैत्राच्या उन्हात, कोणी न हलवता ठेवलं तर काय होतं, हे कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण कमिटीत बाई नव्हती.

दुपारी हलगी वाजली. मैदान खच्चून भरलं. माळेवाडीच्या लोकांनी दस्तगीरला खांद्यावरनं आणलं आणि त्याच्यापुढं एक रवी नाचवत आणली. पुरुषभर उंचीची, सुताराकडनं मुद्दाम करून घेतलेली. ‘‘ताक करणार! ताक करणार!’’ ओरडत होते सगळे. दस्तगीर तसा देवमाणूस. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘‘दौलूभाऊ, राग मानू नका. रवीचं मला म्हाईत नव्हतं. पर आलीच हाय तर ताक करावं लागंल.’’

तोफकाका पुढच्या रांगेत बसले होते. शेजारी धोंडीराम कंपोझिटर. पलीकडं गाड्यांवर बायका, आणि तिसऱ्या गाडीच्या जुवावर गोकुळा.

निवेदकानं कर्णा तोंडाला लावला. ‘‘मंडळी! ज्याला घुसळायला आजवर रवी जन्मली न्हाई, ज्याच्यावर साय धरती पर भीती धरत न्हाई, तो हा वज्रदही!’’

पंचांनी आखाड्यात पाय ठेवला आणि काढून घेतला. पुन्हा हळूच ठेवला. सगळा आखाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत थुलथुलला. गुलाबी, तकतकीत, वर पातळ साय. पंचांनी वस्तादांकडं पाहिलं. वस्तादांनी आभाळाकडं पाहिलं.

‘‘यात्रेची कुस्ती मोडता येत न्हाई,’’ पंच म्हणाले. ‘‘उतरा.’’

आम्ही उतरलो. दस्तगीर पोटरीपर्यंत गेला, मी घोट्यापर्यंत. रिवाजाप्रमाणं मूठभर माती उचलून एकमेकांच्या अंगाला लावायची असते. आम्ही लावली. माशा आल्या. सलामी झाली.

मी पहिल्याच झटक्याला पट काढायला गेलो. खाली वाकून त्याचे पाय धरायचे, एवढंच मनात होतं. पण वाकलो तो थांबलोच नाही. त्याच्या दोन पायांमधनं घसरत सरळ पलीकडं निघालो आणि पंचांच्या धोतरापाशी उभा राहिलो.

‘‘हा बोगदा डाव!’’ निवेदक ओरडला. ‘‘मंडळी, महाराष्ट्रात पहिल्यांदा!’’

दस्तगीर फिरला. त्यानं मला कंबरेला कव घातली आणि उचलायला गेला. पण ओल्या हातानं साबण धरावा तसा मी त्याच्या मिठीतनं वरच्या वर सटकलो आणि धपकन खाली आलो. पुन्हा त्यानं धरलं, पुन्हा सटकलो. असं चार-सहा वेळा झालं असेल. लोकांना चेव चढला. आणि त्या गडबडीत माझ्या कंबरेला काहीतरी सैल लागलं.

दुहेरी गाठ मारली होती हो मी! पण दह्यापुढं गाठ ती काय टिकणार?

समोर सगळी पंचक्रोशी. तिसऱ्या गाडीवर गोकुळा. डोक्यात विचार आला नाही, विचाराच्या आधी अंगानंच निकाल दिला. मी बसलो. मधोमध, मांडी घालून.

मग मागच्या रांगेतनं एकजण ओरडला. आवाज आमच्या चुलत्याचा होता. ‘‘बसला! बसक्या बसला!’’

हास्याचा जो गडगडाट झाला, तो अजून कधीकधी माझ्या कानात वाजतो. माळेवाडीकरांनी रवी आभाळात उडवली. प्रमुख पाहुणे खुर्चीतनं खाली आले. मी मान वर करून बघितलं तर तोफकाका उभे राहिले होते आणि वाकून पायताण शोधत होते. एक पायात गेलं. दुसरं पायताण मडक्यांत कुठंतरी अडकलं होतं, तेवढाच माझा वेळ शिल्लक होता.

दस्तगीर माझ्याजवळ आला. ‘‘उठा की भाऊ.’’

‘‘उठता येत न्हाई.’’

‘‘का?’’

मी कारण त्याच्या कानात सांगितलं. तो कळवळला. ‘‘आरं अल्ला. पर मला ओढावं तर लागंलच.’’

त्यानं माझ्या मानेवर हात टाकला आणि ओढणार, तेवढ्यात तिसऱ्या गाडीवरनं एक खणखणीत आवाज आला.

‘‘अगं बया, हलवू नगा! दही लागतंय!’’

गोकुळा जुवावर उभी होती. पदर खोचलेला. मैदानातले पुरुष हसायचे थांबले. पण बायकांच्या गाड्यांवर एकदम वेगळीच शांतता पसरली, कारण दही लागत असताना मडक्याला हात लावू नये हे त्यांच्या रक्तात होतं. मग एक म्हातारी ओरडली, ‘‘हलवू नगा!’’ मग दुसरी, मग सगळ्याच. ‘‘हलवू नगा! हलवू नगा!’’ आपापल्या बायकांचे आवाज ओळखून पुरुषही गप्प झाले. हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला. पंच चवड्यावर चालायला लागले.

आणि खरंच लागत होतं. मी आत बसल्या बसल्या मला ते जाणवत होतं. आधी मांड्यांभोवती, मग कंबरेभोवती गारगार, घट्ट, चहूबाजूंनी. जसं काही कोणी शेजारणीनं पळसाचं पान झाकून ठेवलंय.

दस्तगीरनं ओढलं. मी हललो नाही. तो माळेवाडीचा पहाड, एका हातानं बैल वळवणारा. त्यानं पाय रोवले, दोन्ही हातांनी माझी मान धरली, डोळे मिटले, ‘या अली’ म्हटलं आणि होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून असा हिसका दिला की मागच्या देवळातली घंटा आपोआप वाजली. मी जागच्या जागी. पण त्याचे हात माझ्या मानेवरनं सटकले. तो मागं गेला, एक पाऊल, दुसरं पाऊल, तिसरं त्याला सापडलंच नाही. पहाड उताणा पडला. दोन्ही खांदे साईला टेकलेले, नजर आभाळाला.

पंचांनी वाकून बघितलं. खांद्याखाली बोट घालून बघितलं. बोट चाटून बघितलं.

‘‘चितपट,’’ ते म्हणाले. ‘‘वज्रदही विजयी.’’

मग जो कल्ला झाला तो सांगण्यात अर्थ नाही. लोक मला खांद्यावर घ्यायला धावले, पण मी निघेना. शेवटी दोघं खोरी घेऊन उतरले आणि बर्फी कापावी तसा मला चौकोनी कापून वर काढला. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत दह्याच्या वडीत बसलेला. लंगोटाचं काय झालं ते त्या वडीतच राहिलं, आणि कुणाच्या बापालाही कळलं नाही. तसाच, वडीसकट, माझी मिरवणूक निघाली.

तोफकाका समोर आले. एक पायताण पायात, एक हातात.

‘‘जिंकलास,’’ ते म्हणाले. ‘‘पर बसून जिंकलास.’’

‘‘दही बसूनच लागतंय, बाबा,’’ मागनं गोकुळा म्हणाली. ‘‘उभ्यानं कुणाचं लागलंय?’’

काकांनी हातातलं पायताण पायात घातलं. ‘‘व्हय,’’ ते म्हणाले. ‘‘हे खरं हाय. ये पेढं घेऊन.’’

लग्न वैशाखात झालं. पंगतीत मठ्ठा ठेवला नाही. दही घुसळणं हा नवऱ्या मुलाचा अपमान होईल, असं काकांनीच ठरवलं. दस्तगीर आला होता. तालुक्यातले तिघं वज्रदेही तीन कोपऱ्यांत तीन तोंडं करून बसले होते, कारण गेल्या वर्षापासनं ते एकमेकांशी बोलत नव्हते. सप्तपदी झाली, आणि बायकांनी गलका केला, ‘‘नाव घे गं! नाव घे!’’

काका पुढं सरकले. मी पाटावर अंग चोरून बसलो. गोकुळानं पदर सावरला, खाली मान घातली आणि चुलीपुढं मडक्यावर पान बांधावं इतक्या निवांतपणे म्हणाली,

‘‘तालुक्यात वज्रदेही तीन, कोण कुठला ठाव नाही,
दौलूरावांचं नाव घेते, माझं एकटीचं वज्रदही.’’

म्हाताऱ्यांचे फेटे उडाले. एक फेटा मांडवाच्या छताला अडकला तो लग्नानंतर काढला. तोफकाका डोळे पुसत होते. मी मात्र तोंड उघडं टाकून तिच्याकडं बघत राहिलो. ही जुळणी काही मांडवात सुचलेली नव्हती.

तेवढ्यात आहेर सुरू झाले आणि पहिला आहेर मामाचा. धोंडीराम कंपोझिटर पुढं आला. त्यानं माझ्या हातात कागदाची इवलीशी पुडी ठेवली. कागदाला तांबडा दोरा बांधला होता. मी सोडला. आत शिशाचा एक बारका खिळा होता, नखाएवढा. वळवून उजेडात धरला.

मात्रा होती.

‘‘मामा, संपल्या होत्या न्हवं?’’

‘‘एक ऱ्हायली होती,’’ तो म्हणाला, आणि मिशी पुसत पुसत पंगतीकडं गेला. आता मला छापखान्यातलं ते पेटीवरचं मडकं आठवलं, आणि त्याच्या मिशीला लागलेलं गोकुळाच्या हातचं दही.

मी गोकुळाकडं वळलो. ‘‘तू?’’

ती समोरच बघत होती. अक्षता अजून केसांत होत्या.

‘‘मग काय करायचं?’’ ती हळूच म्हणाली. ‘‘वज्रदेही म्हणून नाव घेतलं असतं, तर मांडवातनं तिघं ‘ओ’ म्हणून उठलं असतं. आन् तुम्ही आपलं बसलेलंच ऱ्हायला असता.’’